भोवत्याने ठरवलेले अंतर

वेळावदरला पोहोचलो तेव्हा डिसेंबरचा दुसरा आठवडा सुरू होता आणि पहाटे गवतावर दव इतके दाट असे, की लेन्सवरचे आवरण काढायलाही मन धजत नसे. भावनगर जिल्ह्यातल्या भाल प्रदेशातले, १९७६ साली स्थापन झालेले जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान काळविटांसाठी प्रसिद्ध आहे; मी मात्र गेलो होतो तो भोवत्यांसाठी. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून हिवाळ्यात इकडे उतरणारे हे शिकारी पक्षी दिवसभर आसपासच्या शेतांवरून, जमिनीपासून हातभर उंचीने, गिरक्या घेत हिंडतात आणि संध्याकाळी उद्यानातल्या उंच गवतात, चक्क जमिनीवर, एकत्र रात्र काढतात. भोवत्यांच्या एवढ्या मोठ्या रातथाऱ्याची ठिकाणे जगात फार थोडी आहेत. इतके पक्षी एकाच जागी येणार म्हटल्यावर एखादा तरी जवळून टिपता येईल, अशी माझी भाबडी समजूत होती.

पहिल्या सकाळी ती मोडली. उद्यानाबाहेरच्या नांगरलेल्या शेतात एका ढेकळावर पांढुरक्या भोवत्याचा नर बसलेला दिसला. वरून फिकट राखी, खालून जवळजवळ पांढरा, पंखांच्या टोकाशी पाचरीसारखा काळा पट्टा, अशा या देखण्या पक्ष्याचे वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, पण पंखांचा पसारा मीटरभर. सव्वाशे मीटरवरून मी चालकाला सरळ त्याच्या रोखाने गाडी न्यायला सांगितले आणि पक्ष्याने आमच्याकडे मान वळवताच घाईघाईने थांबायला सांगितले. गाडी थांबली, भोवत्या उडाला. असे तीनदा घडल्यावर चालक शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही थांबायला सांगता म्हणून तो उडतो. आपण पुढे निघून गेलो असतो, तर बसून राहिला असता."

त्याचे म्हणणे अगदी खरे होते, आणि त्यामागचे कारण मला आधीच सुचायला हवे होते. जो प्राणी सरळ रेषेत आपल्या दिशेने येतो, आपल्याकडे टक लावतो आणि मग अचानक थबकतो, तो शिकारी असतो. पक्ष्याच्या लेखी आमची गाडी नेमकी तशीच वागत होती. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. पक्ष्याकडे न जाता त्याच्या बाजूने तिरके, एकाच गतीने पुढे सरकायचे, त्याला ओलांडून जायचे, पुन्हा थोडे जवळून परत यायचे आणि थांबायचेच असेल, तर इंजिन आधी बंद करून गाडी आपोआप घरंगळत थांबू द्यायची, म्हणजे आवाज आणि हालचाल एकाच क्षणी तुटत नाहीत. गाडीतून उतरण्याचा तर प्रश्नच नव्हता. शेकडो मीटरवरूनही उभ्या माणसाची आकृती दिसली, की जे पक्षी उठून जातात, तेच पक्षी गाडीला मात्र बरेच जवळ येऊ देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी पोकळ बैल बनवून घेतला होता आणि त्याच्या पोटात बसून ते कॅमेरा चालवत असत. आमचा बैल चार चाकांचा होता एवढेच. आत बसून पाय आखडण्यात फारसा फरक पडला नसावा.

बैलालाही डोळे लपवावे लागतात, हे दुसऱ्या दिवशी उमगले. खिडकीत तांदळाने भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली होती, गाडी स्थिर होती, तरी मी जरा हललो की पक्षी अस्वस्थ होत होता. शेवटी मी बाहेर उतरून, आसपास एकही पक्षी नसताना, गाडीकडे त्याच्या नजरेने पाहिले, तेव्हा दिसले की माझ्या पाठीमागच्या खिडकीतून उजेड आरपार येत होता आणि त्या उजेडावर माणसाचे डोके, खांदे, हात सगळे काळ्या कागदातून कापून काढल्यासारखे उठून दिसत होते. त्या खिडकीवर गडद कापड लावले आणि अंतर निम्मे झाले. गरुड किंवा ससाणा यांसारख्या पक्ष्यांची नजर आपल्यापेक्षा दुपटीहून अधिक तीक्ष्ण मानली जाते, हे पुस्तकात वाचलेले असते. पण आपण त्या नजरेला कसे दिसतो, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. मीही इतकी वर्षे घेतली नव्हती.

एवढा खटाटोप कशासाठी, लांबची लेन्स असतेच की, असे कोणी म्हणेल. माझी लेन्स ५०० मिलिमीटरची होती. तिच्यातून ६० मीटरवर चौकटीची उंची सुमारे तीन मीटर भरते आणि बसलेला भोवत्या त्यात कुठेतरी ठिपक्यासारखा उरतो. २० मीटरवर तीच उंची एक मीटरच्या आत येते आणि पक्षी जवळजवळ अर्धी चौकट व्यापतो. पण आकार हा त्यातला लहान भाग आहे. भालच्या सपाट जमिनीवर नऊ-साडेनऊनंतर ऊन तापू लागले, की जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि शंभर मीटरवरच्या पक्ष्याची पिसे पाण्याखाली असल्यासारखी विरघळतात. त्यावर कितीही महागड्या भिंगाचा इलाज नाही. पक्षी आणि आपण यांच्यामधली हवा कमी करणे, एवढाच इलाज आहे.

तिसऱ्या दिवशी नेपाळी गरुडाने मला बराच वेळ दिला. लांबचे अंतर कापून आलेला पाहुणा म्हणावा इतक्या निर्धास्तपणे तो बांधावर एक पाय पोटाच्या पिसांत ओढून, अंग फुगवून बसला होता. अंग फुगलेले आहे, चोच पिसांतून फिरते आहे, अधूनमधून सगळे अंग झाडले जाते आहे, तोवर पुढे सरकायला हरकत नाही, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. दुसरा पाय खाली आला, पिसे अंगालगत बसून पक्षी एकाएकी सडपातळ झाला, मान उंच झाली, की जागीच थांबायचे. आणि शेपटी उचलून त्याने शीट टाकली, वाऱ्याकडे तोंड करून किंचित पुढे झुकला, की उड्डाण ठरलेले. त्या क्षणाला शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेऊन ठेवायचा. मोठे पक्षी वाऱ्याला तोंड देऊनच उठतात, त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा घेतली, तर पक्षी उठताना आपल्याकडे झेपावतो. त्या सकाळी वारा ईशान्येचा होता. ४० मीटरवर गरुडाची पिसे सडपातळ झाली, आम्ही थांबलो, आणि पाच-सात मिनिटांनी त्याने पुन्हा पाय पोटात ओढून घेतला. इतका मोठा सन्मान मला माणसांकडूनही क्वचितच मिळाला आहे.

त्याच दुपारी दुसरी एक गाडी त्याच गरुडामागे लागली. तो उडाला की ती धावे, तो बसला की ती पुन्हा त्याच्या अंगावर जाई. सहाव्या उड्डाणानंतर तो पार दिसेनासा झाला. नेपाळी गरुड २०१५ पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणला जातो. त्या गाडीतल्यांना उडत्या पक्ष्याची पाठमोरी छायाचित्रे भरपूर मिळाली असतील.

भोवत्याचे मात्र अजून जमत नव्हते. २५-३० मीटरपर्यंत पोहोचायचो, पहिला फोटो घ्यायचो आणि तो उडायचा. दोष गाडीचा नव्हता, कापडाचाही नव्हता. भोवत्याच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखे पिसांचे कडे असते. गवतात दडलेल्या भक्ष्याची हालचाल तो डोळ्यांइतकीच कानांनी टिपतो. अशा पक्ष्यासमोर मी खटाखट वाजणारे शटर घेऊन बसलो होतो. शेवटच्या दिवशी कॅमेऱ्याचे मूक शटर वापरायचे ठरवले. त्यात वेगाने हलणारे पंख कधीकधी वेडेवाकडे येतात, पण बसलेल्या पक्ष्यासाठी ते चालण्यासारखे होते. आणि पाठलागही सोडला. आदल्या दोन संध्याकाळी भोवत्या रातथाऱ्याकडे जाण्यापूर्वी ज्या उघड्या जागेवर उतरताना पाहिले होते, तिथे सकाळीही एखादा टेकत असेल, अशा हिशेबाने उजाडण्यापूर्वीच गाडी तिथे उभी केली, इंजिन गार होऊ दिले आणि बसून राहिलो.

दीड तास काहीही झाले नाही. चालक डुलक्या घेत होता. मग राखी रंगाचे काहीतरी गाडीच्या नाकासमोरून, काच पुसावी तसे, अलगद गेले आणि १८ मीटरवरच्या ढेकळावर उतरले. पांढुरक्या भोवत्याचा नर. मी श्वास घ्यायचाही टाळत होतो. त्याने अंग झाडले, एक पाय वर ओढला, पाठीवरचे एक पीस चोचीतून मुळापासून टोकापर्यंत ओढून नीट बसवले. पायांच्या पिवळ्या बोटांमध्ये ओल्या मातीचा कण अडकलेला दिसत होता. मी अकरा फोटो घेतले आणि त्याला एकही ऐकू आला नाही. मग त्याने तोंड पूर्ण माझ्याकडे वळवले. ते कडे, त्यातले पिवळे डोळे, सगळे चौकटीत मधोमध. ओळखला गेलो, असे मला वाटले. पण त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. ऊन चढले होते आणि आमच्या दोघांमधल्या गवतात बहुधा एखादा टोळ जागा झाला होता.

मी त्याच्या शेपटीकडे पाहत, ती उचलली जाण्याची वाट पाहत राहिलो. ती उचलली गेलीच नाही. पिसे सडपातळ झाली नाहीत, मान लांबली नाही. भीतीने उठताना द्यायची कोणतीही सूचना न देता तो भक्ष्यावर झेपावला. बाराव्या फोटोत एक ढेकूळ अगदी सुस्पष्ट आले आहे आणि कोपऱ्यात पिवळ्या पायाची तीन बोटे.