भावाला कळणार नाही ना?

कायदेविषयक मदतीच्या शिबिरात मावशींनी सातबारा पिशवीतून काढायच्या आधी हेच विचारलं. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील. मी हे सांगायला सुरू होणार, तेवढ्यात सोबतच्या मॅडमनी मावशींना विचारलं, "सही नाही केली तर भाऊबीजेला बोलावणं येईल?"

मग मावशी अर्धा तास बोलत होत्या. जमिनीबद्दल फारच कमी.

अशिलाशी बोलणं आणि खटल्याची पूर्वतयारी, याला लॉच्या आमच्या प्रात्यक्षिक पेपरात १०० पैकी ३० गुण. जर्नल बरेच जण घरी बसूनच भरतात (सिनियरचं असतंच). त्यात भाऊबीज कुठून येणार?