आगीत लपायचे नसते

दर वर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली, जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर ठेवलेल्या स्फोटकांचे दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे साठहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो. पुण्यातल्या आमच्या वस्तीत १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते, त्या दिवशी बालवाडी बंद राहते, त्यामुळे आमचा कार्यक्रम त्या आठवड्यात एक-दोन दिवस पुढे जातो. अशाच एका सप्ताहातल्या एका सकाळी जे घडले, त्यामुळे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आगीविषयी नेमके काय शिकवायचे याचा माझ्या मनातला क्रमच बदलला.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुले एका खोलीच्या पत्र्याच्या घरांत राहतात. त्याच खोलीत गॅसची शेगडी, त्याच खोलीत पलंग, कोपऱ्यात मोरी, भिंतीवर देव्हारा आणि बाहेर पडायला एकच दार, तेही बहुधा शेगडीच्या बाजूला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, आणि मुले झोपतात तीही जमिनीवरच. वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की बंब मुख्य रस्त्यावरच थांबतो आणि तिथून पुढे नळी अंथरत यावे लागते. अशा ठिकाणी पहिली काही मिनिटे घरातल्या माणसांचीच असतात. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे एका शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुले गेली. ती बातमी ज्यांनी तेव्हा वाचली आहे, त्यांच्यापैकी लहान मुलांच्या वर्गात काम करणारे कोणीही दाराच्या कडीकडे पूर्वीसारखे बेफिकीरपणे पाहू शकत नाही.

त्या सकाळी अग्निशमन केंद्रातून एक अनुभवी तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचे म्होरके, आणि दोन जवान आले होते. ते येण्याआधी मी मुलांकडून आमचे नेहमीचे उपक्रम करून घेतले. पहिला खेळ दोन टोपल्यांचा. एका टोपलीत ‘माझे’, दुसरीत ‘मोठ्यांचे’. चेंडू, खडू, वाटी, बाहुली पहिल्या टोपलीत जातात. रिकामी काडेपेटी, बंद पडलेला लायटर, समई, उदबत्तीचे घर, डासांच्या कॉइलची पत्र्याची ठेवण दुसऱ्या टोपलीत. काडेपेटी हाती आली की मुलाने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि ‘ताई, काडेपेटी!’ अशी हाक मारायची. ‘हात लावू नकोस’ असे नुसते सांगितले तर या वयाच्या मुलाला हाताचे काय करायचे ते कळत नाही. हात पाठीमागे न्यायला सांगितले की त्या हातांना काम मिळते. तव्याच्या वेळी मात्र एका चार वर्षांच्या मुलीने विचारले, “हा तवा गार आहे, मग हा माझा का?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण तापलेला तवा आणि गार तवा दिसायला सारखेच असतात. आम्ही मग ठरवले की तवा, इस्त्री आणि कुकर गार असले तरी मोठ्यांच्याच टोपलीत राहतील, आणि त्या मुलीने स्वतः तो तवा उचलून तिकडे ठेवला.

दुसरा उपक्रम धुराचा. मदतनीस ताई आणि मी एका राखाडी चादरीची दोन टोके धरून ती मुलांच्या कमरेच्या उंचीवर पसरतो. ती चादर म्हणजे धूर. तापलेला धूर वर चढतो आणि जमिनीजवळ श्वास घेण्याजोगी हवा थोडा वेळ टिकते, ही गोष्ट शब्दांत सांगितली तर या मुलांच्या डोक्यावरून जाते, पण चादरीला डोके लागू न देता खालून रांगत जाणे त्यांना लगेच जमते. त्यासाठी आम्ही दोन ओळी जुळवल्या आहेत: ‘धूर वर, आम्ही खाली, रांगत रांगत स्वारी आली.’ स्वारी दारातून बाहेर पडते आणि थेट कडुनिंबाखाली जाऊन थांबते, तिथे हजेरी होते, आणि खेळणे, चप्पल किंवा दप्तर आणायला कोणीही परत आत जात नाही.

‘थांब, पड, लोळ’ हा तिसरा उपक्रम मी फार जपून घेते, कारण मुलांना लोळण्याचा भाग इतका आवडतो की शिट्टी वाजली की काही जण बाहेर जायचे सोडून जमिनीवर गडाबडा लोळू लागतात. म्हणून आमच्याकडे लाल कापडाचे छोटे तुकडे आहेत. तो तुकडा चिकटपट्टीने मुलाच्या कपड्याला लावला, तरच त्याने थांबायचे, दोन्ही हातांनी तोंड झाकायचे, खाली पडायचे आणि तुकडा सुटेपर्यंत लोळायचे. कपड्यावर लाल तुकडा नसेल तर लोळायचे नाही, दाराकडे जायचे. एवढी खूण ठेवली की तीन वर्षांचे मूलसुद्धा दोन्हींत गल्लत करत नाही.

हे सगळे उत्साहात पार पडले आणि तांडेल आत आले. माणूस समजूतदार होता. आल्याबरोबर त्यांनी बूट बाहेर काढले, मुलांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले आणि साध्या सदऱ्यातच गप्पा सुरू केल्या. एक साडेतीन वर्षांचा मुलगा तर थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. मग त्यांनी एकेक वस्तू मुलांसमोर अंगावर चढवली: आधी जाड विजार, मग कोट, मग हेल्मेट, जे प्रत्येक मुलाने आपल्या डोक्यावर ठेवून पाहिले. शेवटी पाठीवर हवेची नळकांडी असलेला बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्याचे उपकरण, चढवला आणि तोंडाला मुखवटा लावला. त्याबरोबर त्यांचा चेहरा काळ्या रबरामागे आणि काचेमागे गेला, आवाज खोल विहिरीतून यावा तसा येऊ लागला आणि प्रत्येक श्वासाबरोबर खर्रऽ फुस्सऽ असा आवाज खोलीभर घुमू लागला. दोन मुली रडायला लागल्या, काही मुले माझ्या साडीला बिलगली. मी मुले मोजली, आणि एक कमी भरले.

दाराला कडी होती आणि मदतनीस ताई दारातच उभ्या होत्या, म्हणजे मूल आतच होते. मांडीवर बसलेला तोच मुलगा दिसत नव्हता. आम्ही त्याच्या नावाने हाका मारल्या, मुलांनीही मारल्या, पण उत्तर आले नाही. आमची खोली मोठी नाही, तरीही तो सापडायला बराच वेळ लागला. खेळण्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात, ठोकळ्यांच्या डब्यामागे, गुडघे छातीशी घेऊन तो बसला होता. डोळे घट्ट मिटलेले आणि तोंडावर स्वतःचाच हात. माझ्या हाका त्याला स्वच्छ ऐकू येत होत्या. ज्या ताईच्या हाकेला तो रोज सर्वांत आधी ‘ओ’ देतो, तिच्या हाकेलाही त्याने उत्तर दिले नव्हते.

तांडेलांनी मुखवटा काढला, कपाटापासून थोडे दूर जमिनीवर बसले आणि हळू आवाजात मला म्हणाले, “ताई, हेच होतं बघा. धुरात आम्हाला स्वतःचा हात दिसत नाही. आम्ही आत शिरून हाका मारतो, मूल आतच असतं आणि हूं की चूं करत नाही. घरात लहान मूल आहे असं कळलं, की आम्ही आधी पलंगाखाली आणि कपाटात चाचपतो.” त्यानंतर पाण्याच्या नळीचे प्रात्यक्षिक ठरले होते, ज्याची मुले सकाळपासून वाट पाहत होती, ते आम्ही दोघांनी मिळून पुढे ढकलले.

मुलगा बाहेर येऊन शांत झाल्यावर मी सर्वांना गोल बसवले आणि विचारले, घरी भीती वाटली की तुम्ही कुठे जाता? या एका प्रश्नावर मुले जितकी बोलली तितकी सबंध वर्षात क्वचितच बोलली असतील. पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीमागे. गोधड्यांच्या ढिगात. मोरीतल्या पिंपाच्या मागे. आजीच्या पदरात. कपाटात, आईच्या साड्यांखाली. एका मुलीने सांगितले की ती ओट्याखाली, सिलिंडरच्या पाठीमागे बसते, कारण तिथे तिच्या भावाला जाता येत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली होती, प्रत्येक जागा अंधारी आणि अडचणीची होती, आणि आगीच्या वेळी शोधायला सर्वांत कठीण होती. मग एक पाच वर्षांची मुलगी अगदी सहजपणे म्हणाली, “काडी ओढली ना, की मी पळून बसते. आई मारते.”

त्या वाक्यापाशी मी थांबले. काडेपेटी ही मोठ्यांची वस्तू आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. सकाळी तिनेच ती योग्य टोपलीत टाकली होती. चूक आहे हे ठाऊक असणे हेच तिच्या लपण्याचे कारण होते. म्हणजे आपण मुलाला काडेपेटीची जितकी धास्ती घालतो, तितके ते आग लागल्यावर आपल्यापासून दूर पळते, आणि ‘ऐकलं नाहीस तर पोलीस नेतील’ अशी भीती ज्या घरांत रोज दाखवली जाते, तिथले मूल गणवेशातल्या माणसाला पाहून पुढे येईल ही अपेक्षाच करता येत नाही.

मग आम्ही लपाछपी उलटी खेळलो. मुलांनी खोलीत कुठेही लपायचे, काका गुडघ्यांवर येतील आणि विचारतील, “मी बंबवाला काका, कोण आहे इथं?” आणि लपलेल्या मुलाने मोठ्याने ओरडायचे, “मी इथं आहे!” ओरडून बाहेर येईल तो जिंकला. पहिल्या फेरीत तांडेल साध्या चेहऱ्याने आले, दुसऱ्या फेरीत मुखवटा हातात धरून आले, तिसऱ्यात त्यांनी तो मुलांच्या देखत पुन्हा लावला, आणि मधूनमधून तो बाजूला करून आत तेच काका आहेत हे दाखवले. तो आवाज कसा येतो हे मुलांना कळावे म्हणून प्रत्येकाने ओंजळीत तोंड घालून जोरात श्वास घेऊन पाहिला, आणि थोड्याच वेळात अख्खा वर्ग खर्रऽ फुस्सऽ करत फिरू लागला. कपाटात बसलेला मुलगा शेवटच्या फेरीत पुन्हा त्याच खणात गेला. मुखवटा लावलेले काका जवळ आल्यावर तो बाहेर आला नाही, पण आतून “मी इथंय” असे बारीक आवाजात म्हणाला, आणि हातमोज्याचे एक बोट त्याने धरले. “एवढं पुरे,” तांडेल म्हणाले. “आवाज आला की आम्ही पोचतो.”

मुलांना न्यायला आलेल्या आया आणि आज्यांना मी त्या दिवशी लगेच सोडले नाही. प्रत्येकीने आपल्या मुलासमोर बसून एक वाक्य म्हणावे असा माझा आग्रह होता: ‘काहीही झालं तरी आधी मला येऊन सांग, मी मारणार नाही.’ बहुतेकींनी ते म्हटले, काहींनी लाजत म्हटले. एक आजी मात्र अडून बसल्या. “मारलं नाही तर उद्या पुन्हा काडी ओढेल की.” त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते, कारण घरात दिवसभर त्या एकट्या असतात आणि दोन नातवंडे सांभाळतात. तांडेल त्यांना म्हणाले, “आजी, काडेपेटी फळीवर ठेवा, त्याचा हात पोचणार नाही अशी. मार द्यायची वेळच येऊ नये. आणि आलीच, तर तो तुमच्याकडे पळत यायला हवा, पलंगाखाली नाही.” आजी काही बोलल्या नाहीत, पण जाताना त्यांनी नातवाला कडेवर घेऊन ते वाक्य पुटपुटले, हे मी ऐकले.

त्याच बैठकीत बाकीच्या गोष्टीही झाल्या. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करायचे नाही, दार-खिडकी उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर येऊन १९०६ वर कळवायचे. आग असेल तर १०१ किंवा ११२. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावायचे नाही, भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा आणि मग दवाखाना गाठायचा. वीस मिनिटे हे ऐकून आयांना आश्चर्य वाटले, कारण आमच्या वस्तीत पाणी ठरावीक वेळीच येते. नळ कोरडा असेल तर पिंपातले स्वच्छ पाणी तांब्याने सावकाश ओतत राहायचे, असे आम्ही मदतनीस ताईंच्या हातावर करून दाखवले.

त्या वर्षापासून आमच्या सरावाचा क्रम बदलला आहे. रांगणे आणि कडुनिंबाखाली जमणे पूर्वीइतकेच चालते, पण सर्वांत आधी ‘मी इथं आहे’ हा खेळ येतो, आणि तो एप्रिलपर्यंत थांबत नाही. जूनमध्ये नवी मुले रुळली की पहिल्याच महिन्यात घेतला जातो. एकदा तो मुले दुपारी झोपलेली असताना घेऊन पाहा, असे तांडेलांनी सुचवले होते, कारण झोपेतून दचकून उठलेले मूल सर्वांत आधी लपते. ते आम्ही आता आठवण ठेवून करतो. केंद्राने वापरातून काढलेला एक मुखवटाही आम्हाला दिला. त्याचे पट्टे मुलांच्या डोक्याला फार सैल होतात, म्हणून ती तो हाताने तोंडाशी धरतात आणि भातुकलीच्या घरात शिरून विचारतात, “कोण आहे इथं?”