पिशवी काढली, मग पित्त कुठे गेलं?

मागच्या महिन्यात आईची पित्ताची पिशवी काढली, दुर्बिणीतून. डॉक्टरांनी खडे एका छोट्या बाटलीत घालून दिलेत, सतरा आहेत, तपकिरी, हरभऱ्याच्या डाळीएवढे, बाटली हलवली की खुळखुळतात. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, बरं झालं, आता पित्ताचा त्रास कायमचा गेला. तसं नाहीये, म्हणून लिहितेय.

आपण मराठीत तीन वेगळ्या गोष्टींना पित्तच म्हणतो. जागरण झालं, उपाशीपोटी चहा घेतला आणि छातीत जळजळ, आंबट ढेकर, ते जठरातलं ॲसिड. अंगावर गांधी उठतात आणि आजी आमसुलाचं पाणी चोळायची ते पण पित्त, पण ती बऱ्याचदा ॲलर्जी असते. आणि खरंखुरं पित्त म्हणजे उलट्या होऊन पोट रिकामं झालं की शेवटी जे हिरवट पिवळं कडूजार पडतं ना, ते.

हे बनतं यकृतात, पिशवीत नाही! दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवीत मावतं जेमतेम 50 मिली, ती फक्त त्यातलं पाणी शोषून दाट करून ठेवते. जेवणातलं तेलतूप जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून रक्तात एक हार्मोन सुटतं, पिशवी आवळते आणि पित्त खाली येतं. तेलकट कढईला साबण लावल्यावर होतं तसं ते चरबीचे बारीक बारीक थेंब करतं, मग स्वादुपिंडाचा रस ते पचवतो. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की पित्तातले साबणासारखं काम करणारे जवळपास 95 टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटी परत शोषले जातात, रक्तातून यकृतात जातात आणि पुन्हा कामाला लागतात.

आईला लग्नाचं जेवून आलं की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, पार पाठीपर्यंत. पिशवी आवळायची आणि खडा तोंडाशी अडकायचा. आम्ही पित्त झालंय म्हणून दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिलो, याचं फार वाईट वाटतं.

आता पिशवी नाही तर पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं, म्हणून एकदम तळलेलं खूप नको, थोडं थोडं चालतं. काल आईने विचारलं, मग वरणभातावर तूप घेऊ का गं? म्हटलं घे, अर्धा चमचा. तिने घेतलं, आणि रात्री शांत झोपली.