पेटचा आकडा, एमआरआयचा आकडा

पेट स्कॅन आणि एमआरआयचे रिपोर्ट जुळले नाहीत की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक मला सतत विचारतात, "डॉक्टर, यातलं खरं कुठलं धरायचं?" मी रेडिओलॉजिस्ट आहे, हे स्कॅन वाचणं माझं रोजचं काम. हे आकडे जिथे पटत नाहीत, तिथेच मला गाठीबद्दल सगळ्यात जास्त कळतं.

पेटचा आकडा म्हणजे एसयूव्ही. फ्लोरिन-18 जोडलेली साखर शिरेतून देतात, तासभर थांबतात आणि गाठीने ती किती ओढून घेतली ते मोजतात. हिशेबात दिलेला डोस आणि रुग्णाचं वजनही धरलेलं असतं. त्यामुळे उपचारात वजन घटलं, रक्तातली साखर चढलेली असली किंवा स्कॅन अर्धा तास उशिरा झाला, तरी आकडा हलतो. गाठ तीच असते.

एमआरआयचा एडीसी वेगळंच मोजतो: पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात. पेशी दाटीवाटीने बसल्या की पाण्याला जागा उरत नाही आणि एडीसी उतरतो. म्हणजे एक आकडा भूक मोजतो, दुसरा दाटी. भूक जास्त तिथे दाटीही असणार असं वाटतं; पण या दोघांचं नातं तपासणाऱ्या अभ्यासांत काहींना ते उलटं सापडलं, काहींना सापडलंच नाही. मला त्याचं नवल वाटत नाही.

मानेतल्या गाठीचंच घ्या. या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा आतून मेलेली असते. मेलेला भाग साखर घेत नाही, जिवंत कड पातळ असते, आणि काही मिलिमीटरच्या गोष्टी पेटवर धूसर होतात. एसयूव्ही कमी येतो आणि आपण निश्चिंत होतो. एमआरआयवर ती कड नीट दिसते. अशा वेळी मी कमी एसयूव्हीवर विसंबत नाही.

रेडिएशननंतर चित्र फिरतं. सुजलेला भागही साखर ओढतो, म्हणून घाईने केलेला पेट उगाच घाबरवतो. 12 आठवडे थांबून केला तर मात्र त्याच्यासारखा आधार नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेट-नेक चाचणीत 564 रुग्ण होते. निम्म्यांची मानेवरची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली, निम्म्यांची पेट पाहून गरज वाटली तरच. पेटवाल्या गटात 54 शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात 221, आणि जगण्याचं प्रमाण कमी झालं नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर आखडलेला खांदा घेऊन वावरणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हा निकाल मला फार जवळचा वाटतो.

याच टप्प्यावर एडीसी चकवतो. उपचारानंतर उरलेली जुनी, घट्ट झालेली व्रणाची खूण म्हणजे फायब्रोसिस, आणि तिथेही पाण्याला जागा नसते. कमी एडीसी पाहून कुणी "कॅन्सर परत आला" म्हणालं, तर मी आधी एमआरआयचंच टी-2 नावाचं चित्र उघडते. खूण तिथे काळी दिसते, आणि पेटवरही तिथे साखर ओढलेली दिसत नसेल तर मी लिहिते: लक्ष ठेवा, पुढचा स्कॅन करा. लगेच सुई घालून तुकडा काढायला सांगत नाही.

दातांत भरलेला धातू दोघांनाही त्रास देतो: एमआरआयचं चित्र वाकडं होतं, पेटचा आकडा खोटा फुगतो. पेटच्या इंजेक्शननंतर गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायू स्कॅनवर चमकतात, म्हणून तो तासभर गप्प बसायला सांगतात. ते जरूर पाळा. शक्य असेल तर पुढचा स्कॅन आधीच्याच मशीनवर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना अवघड होते.

एक गोष्ट मात्र आकड्यात सापडत नाही. हा कॅन्सर कधी कधी नसेच्या (मज्जातंतूच्या) कडेने कवटीच्या तळाकडे सरकतो. धागा इतका बारीक की पेटवर बऱ्याचदा काहीच उमटत नाही. एमआरआयवर, तेही मुद्दाम शोधलं तरच, नस जाड झालेली दिसते. म्हणून गाल किंवा हनुवटी बधिर वाटत असेल, मुंग्या येत असतील, तर स्कॅनच्या आधी सांगा. डॉक्टरांना ते मागणीपत्रावर लिहायला लावा. मग ती नस मी कवटीच्या छिद्रातून आतपर्यंत पाहते.