वर्गणी पाठवलीय, स्क्रीनशॉट बघा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या गणेश मंडळाचा मी खजिनदार. पूर्वी या पदाला पावतीपुस्तक, बॉलपेन आणि जिने चढायची तयारी एवढं पुरायचं. आता निम्म्याहून जास्त वर्गणी क्यूआर कोडवर येते आणि प्रत्येक रकमेच्या मागोमाग एक स्क्रीनशॉट येतो. कोणी मंडळाच्या ग्रुपवर टाकतं, कोणी माझ्या नंबरवर, कोणी अध्यक्षांना पाठवून ‘खजिनदारांना सांगा’ म्हणतं. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं रात्री उशिरा पैसे टाकतात आणि खाली एकच ओळ लिहितात, ‘दादा, पाठवलेत, स्क्रीनशॉट बघा.’ गणपती बसायच्या आधीच माझी गॅलरी हिरव्या टिकांनी भरून जाते, आणि त्यातली कुठली टिक कोणाची हे दोन दिवसांनी ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्या वर्षीच्या बैठकीत मी सांगून टाकलं की हिशेब विसर्जनापर्यंत लोंबकळत ठेवणार नाही, रोजचा रोज जुळवणार. पोरांनी ‘नाद खुळा’ म्हणून टाळ्या पिटल्या आणि मंडपाच्या कामाला लागली. जुळवायला उरलो मी, माझा अँड्रॉइड फोन, पोरीच्या अभ्यासाचा टॅब आणि तालमीच्या कार्यालयातला जुना विंडोजचा कॉम्प्युटर.

आधी पाहिलं की आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नेमकं काय दिसतंय. बहुतेकांत रक्कम, हिरवी टिक आणि मंडळाचं नाव. कामाचं जे असतं ते त्याच्या खाली असतं, आणि लोक नेमकं तेच कापून टाकतात. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा अंकी नंबर मिळतो. कुठल्या ॲपात तो यूटीआर म्हणून दिसतो, कुठल्या ॲपात यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी म्हणून. शिवाय ॲपचा स्वतःचा एक वेगळा आयडी असतो, त्यात इंग्रजी अक्षरं असतात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये हा दुसरा आयडी बहुधा सापडत नाही, बारा अंकीच सापडतो.

नावावरून का जुळवत नाही, असं एकाने विचारलं. नावावरून जुळवायला बसलं की पेठेत भांडणं लागतात. पैसे वहिनींच्या खात्यातून येतात, पावती दादांच्या नावाने हवी असते आणि स्क्रीनशॉट पाठवतो त्यांचा कॉलेजातला पोरगा. स्टेटमेंटमध्ये नाव अर्धवट छापलेलं असतं ते वेगळंच. एकाच आडनावाच्या आठ-दहा घरांनी पाचशे एक रुपयेच दिलेले असतात. नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा.

या नंबराची एक गंमत जुळवता जुळवता लक्षात आली. बऱ्याच व्यवहारांत पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस ते. २७ ऑगस्ट हा २०२५ मधला २३९ वा दिवस, म्हणून चतुर्थीच्या दिवशीचे कितीतरी नंबर ५२३९ ने सुरू झालेले दिसले. सगळ्याच ॲपांचे नंबर असे नसतात, त्यामुळे यावर निकाल द्यायचा नाही. पण ‘आत्ताच पाठवले’ म्हणणाऱ्याचा नंबर ४२ ने सुरू होत असेल, तर तो आदल्या वर्षीचा, म्हणजे २०२४ चा स्क्रीनशॉट असण्याची शंका घ्यायला हरकत नाही. असे दोन-तीन आलेही. लबाडी असेलच असं नाही, गॅलरीत ‘तालीम’ शोधून जे पहिलं सापडलं ते लोक पुढे ढकलतात.

मग ग्रुपवर एक नमुना टाकला. माझ्याच खात्यातून मंडळाला एक रुपया पाठवला, पूर्ण तपशील उघडून स्क्रीनशॉट घेतला आणि नंबराभोवती लाल चौकट काढली. खाली लिहिलं, ‘एवढा भाग दिसला पाहिजे, नाहीतर पावती नाही.’ पोरांना लगेच कळलं. ज्येष्ठांचा प्रश्न वेगळा होता, स्क्रीनशॉट घ्यायचा कसा इथूनच सुरुवात.

शेजारचे काका फोनवर होते. मी म्हटलं, “काका, पॉवरचं बटन आणि आवाज कमी करायचं बटन, दोन्ही एकदम दाबा.”

“दाबलं. फोन बंद करायचं विचारतोय.”

“पॉवरचं आधी दाबलं गेलं तुमच्याकडून. दोन्ही एकाच वेळी, आणि लगेच सोडा.”

“आता आवाज कमी झाला रे.”

काकांचा फोन ज्या कंपनीचा आहे त्यात तीन बोटं पडद्यावरून खाली ओढली तरी स्क्रीनशॉट निघतो. सेटिंगमध्ये ते चालू करून दिलं आणि काका खूश झाले. सॅमसंगवाल्यांना तळहाताची कड पडद्यावरून आडवी फिरवायची सोय असते. अध्यक्षांकडे होम बटन नसलेला आयफोन आहे, त्यात उजवीकडचं बटन आणि आवाज वाढवायचं बटन एकत्र दाबायचं. होम बटनवाल्या जुन्या आयफोनला होम आणि पॉवर. पण खरं सांगायचं तर वर्गणीसाठी यातलं काहीच लागत नाही. बहुतेक पेमेंट ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात ‘शेअर’चं बटन असतं, ते दाबलं की नंबरासकट सगळी पावती थेट व्हॉट्सॲपवर जाते. हे कळल्यापासून मी बटनांचे क्लास बंद केले. एक मामा तरीही बायकोच्या फोनने आपल्या फोनचा फोटो काढून पाठवतात. त्यात पट्टे येतात, वर ट्यूबलाइट चमकते, पण नंबर वाचता येतो. त्यांना मी काही बोललो नाही.

आता स्टेटमेंटची बाजू. बँकेच्या ॲपमध्ये स्टेटमेंट उघडून स्क्रीनशॉट घ्यायला गेलो तर फोनने सुरक्षेचं कारण सांगून नकार दिला. हा फोनमधला बिघाड नव्हे. अँड्रॉइडवर ॲप बनवणाऱ्याला एखादा पडदा ‘सुरक्षित’ ठरवता येतो, मग त्याचं चित्र निघत नाही किंवा निघालं तर काळं निघतं. बँकांची ॲपं हे मुद्दाम करतात, दुसऱ्या एखाद्या चोरट्या ॲपने मागच्या मागे पडदा टिपू नये म्हणून. त्यावर युक्त्या शोधत बसू नये. त्याच ॲपमधून स्टेटमेंटची पीडीएफ उतरवून घेता येते, पासवर्डही बँक तिथेच सांगते.

ती पीडीएफ मी कॉम्प्युटरवर उघडायचो. तिथे विंडोजचं बटन, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की पडदा धूसर होतो आणि माउसने हवा तेवढाच तुकडा ओढून घेता येतो. प्रिंट स्क्रीनचं बटन दाबून सगळा पडदा घ्यायचा, मग पेंटमध्ये नेऊन कापायचा, हे आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षं चाललं होतं. विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेले पंचवीसपर्यंत तुकडे पुन्हा समोर येतात. एकदा चालू करून ठेवावं लागतं, पण एकामागून एक नोंदी चिकटवताना त्याचा फार उपयोग झाला. कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला की मात्र ती यादी साफ होते.

नंबर एक्सेलमध्ये भरताना पहिल्याच ओळीला मजा आली. बारा अंक टाकले आणि चौकटीत ५.२३ असं काहीतरी, पुढे ई, अधिक अकरा! अकरापेक्षा जास्त अंक दिसले की एक्सेल आपल्या मनाने ती संख्या आखडून दाखवतं. भरायला बसण्याआधी तो सगळा रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. मग त्याच रकान्याला ‘डुप्लिकेट’ रंगवायचा नियम लावला. तोच नंबर पुन्हा आला की दोन्ही चौकटी लाल. गेल्या वर्षीची यादी त्याच फाइलमध्ये ठेवली होती, त्यामुळे जुने स्क्रीनशॉट आपोआप उघडे पडले. शिवाय तोच स्क्रीनशॉट ग्रुपवर आणि अध्यक्षांना असा दोनदा आला तर दोन पावत्या फाटायचं टळलं.

टॅबचा उपयोग मी आधी गृहीतच धरला नव्हता, पण रात्री घरी जुळवायला तोच सोयीचा पडला. पडद्याचे दोन भाग करायचे, एका बाजूला व्हॉट्सॲप, दुसऱ्या बाजूला स्टेटमेंटची पीडीएफ. नंबर जुळला की तशाच अवस्थेत स्क्रीनशॉट घ्यायचा, म्हणजे पाठवणाऱ्याचा दावा आणि बँकेची नोंद एकाच चित्रात येते. वाद होण्याची शक्यता असलेल्या नोंदींसाठीच हे केलं, सगळ्यांसाठी करत बसलो असतो तर गौरी-गणपती गेले असते कॉम्प्युटरपुढे.

वाद झालाच. एका देणगीदाराकडून पाच हजार एक रुपयांचा झकास स्क्रीनशॉट आला. टिक हिरवी, मंडळाचं नाव बरोबर, नंबरही बारा अंकी. खात्यात मात्र काहीच नाही. मंडपातली पोरं लगेच तापली, कारण खोटे पेमेंट दाखवणारी ॲपं असतात हे सगळ्यांना माहीत आहे आणि बाजारात दुकानदारांना तसे अनुभव येत असतात. मी चित्र मोठं करून पाहिलं. वरच्या पट्टीत फोनचं घड्याळ दुपारचं, पावतीवरची वेळ रात्रीची, आणि रकमेच्या अंकांचं वळण बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड. पण हे सगळं पोरांना समजावण्यापुरतं. माझ्यापुरता प्रश्न एवढाच होता की नंबर स्टेटमेंटमध्ये आहे का. नव्हता, म्हणून पावती फाडली नाही. त्या गृहस्थांना नम्रपणे निरोप दिला, “साहेब, रक्कम खात्यात दिसत नाही, एकदा तुमच्या बँकेत बघून घ्या.” उत्तर आलं नाही. पोरांना ते चित्र नावासकट ग्रुपवर टाकायचं होतं, ते मात्र मी टाकू दिलं नाही. त्या गृहस्थांच्या हातातही ते दुसऱ्या कोणाकडून आलेलं असू शकतं.

याच्या उलट प्रकारही असतात. एका ताईंच्या स्क्रीनशॉटवर ‘प्रलंबित’ असं स्पष्ट लिहिलं होतं, पण त्यांच्या मनाने पैसे गेले होते. असा व्यवहार कधी पुरा होतो, कधी पैसे परत खात्यात येतात. त्यांचे परत आले आणि त्यांनी दुसऱ्यांदा पाठवले, नवा नंबर मिळाला. पहिल्या चित्रावर पावती दिली असती तर पुस्तकात एक रक्कम फुकटची चढली असती.

रोजची यादी ग्रुपवर टाकायची वेळ आली तेव्हा लोकांचे फोन नंबर झाकायचा प्रश्न आला. इथे सगळ्यांना सांगावंसं वाटतं की हायलायटरने किंवा पातळ पेनाने खरडू नका. उजेड वाढवला की खालचा मजकूर वाचता येतो. पूर्ण भरीव काळी चौकट टाकायची, त्याहून बरं म्हणजे तो भाग नसलेला नवाच स्क्रीनशॉट घ्यायचा. नुसतं कापण्यावरही डोळे झाकून विसंबू नये. मार्च २०२३ मध्ये उघड झालं होतं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या ‘मार्कअप’ या चित्र कापायच्या सोयीत कापलेली फाइल जुन्या फाइलवरच लिहिली जात होती आणि जुन्या चित्राचं शेपूट तसंच मागे राहत होतं. त्यातून कापलेला भाग काही प्रमाणात परत मिळवता येत होता. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही, म्हणजे पडद्याचा तुकडा घ्यायच्या ॲपमध्येही, तसाच दोष निघाला. दोन्हीकडे दुरुस्ती झाली, पण आधी कापून कुठे पाठवून ठेवलेली चित्रं त्याने सुधारत नाहीत.

यादीचं चित्र लांबलचक असेल तर व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि तीन-आठ ओळखू येत नाहीत. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं की जसंच्या तसं जातं, फाइलचं नावही टिकतं. नावाचं महत्त्व नंतर कळतं. फोटो म्हणून आलेल्या प्रत्येक चित्राचं नाव आयएमजी, तारीख, डब्ल्यूए आणि एक आकडा असं होतं. शेकडो फाइली, सगळ्यांची नावं जुळ्यांसारखी. मी फक्त वादातल्या आणि मोठ्या रकमांच्या फाइलींना नावं दिली, आधी तारीख, मग नंबराचे शेवटचे चार अंक, मग आडनाव. बाकीच्यांसाठी गूगल फोटोजमध्ये ते अंक टाकून शोधलं, चित्रातला मजकूर वाचून ते बहुतेक वेळा बरोबर चित्र काढून देतं. त्यासाठी तो फोल्डर बॅकअपला लावलेला हवा. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप जातात म्हणून व्हॉट्सॲपचे आणि स्क्रीनशॉटचे फोल्डरही जात असतील असं धरून चालू नका, ते वेगळे चालू करावे लागतात. आणि फुकटच्या पंधरा जीबीत हे सगळं मोजलं जातं.

अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवरून मिरवणूक पुढे सरकत असतानाही वर्गणीचे स्क्रीनशॉट येत होते. ते दुसऱ्या दिवशी जुळवले. हिशेबाच्या बैठकीत तपासणीसांनी बँकेचं स्टेटमेंट, पावतीपुस्तक आणि माझी यादी मागितली. स्क्रीनशॉट कोणीही मागितला नाही. गॅलरीतले हिरवे टिकवाले सगळे मी त्याच आठवड्यात पुसले, गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअपवाले साठ दिवस राहतात तेवढी मुदत पुरे. नावं दिलेला वादातला फोल्डर तेवढा कॉम्प्युटरवर ठेवलाय, वार्षिक तपासणी होईपर्यंत. पाच हजार एकचं चित्र त्यातच आहे.