कोलंबियाचे पहिले उड्डाण

नवे अंतराळयान आधी रिकामे पाठवायचे आणि ते सुखरूप परतल्यावरच त्यात माणूस बसवायचा, हा मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलो या तिन्ही कार्यक्रमांत पाळलेला शिरस्ता नासाने स्पेस शटलच्या वेळी मोडला. १२ एप्रिल १९८१ रोजी, गागारिनच्या उड्डाणाला बरोबर २० वर्षे झाली त्या दिवशी, कोलंबिया हे शटल केनेडी अंतराळ केंद्रावरून प्रथमच अवकाशात झेपावले, तेव्हा त्यात जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन बसलेले होते. यंग चंद्रावर चालून आलेले, तर क्रिपन यांची ही पहिलीच अंतराळवारी. दोन दिवसांपूर्वीचा प्रयत्न संगणकांचा मेळ न बसल्याने थांबवावा लागला होता.

या उड्डाणाबद्दल वाचताना मी दर वेळी अडखळतो तो यानाला वर ढकलणाऱ्या घन इंधनाच्या दोन बूस्टर रॉकेटांपाशी, कारण ते एकदा पेटले की विझवण्याची सोयच नव्हती. ते पेटताच उठलेली दाबलहर अंदाजापेक्षा कितीतरी जोरदार निघाली आणि तिच्या तडाख्याने यानाच्या मागच्या टोकाखालची झडप, म्हणजे बॉडी फ्लॅप, ठरलेल्या मर्यादेपलीकडे ढकलली गेली. वर बसलेल्या दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. हे आधी कळले असते तर आपण इजेक्शन सीट वापरून बाहेर पडलो असतो, असे यंग यांनी नंतर सांगितले.

कक्षेत पोहोचल्यावर सामानकक्षाची दारे उघडली, तेव्हा शेपटीजवळच्या इंजिनांच्या आवरणावर काळपट चौकोन दिसले. तेथील उष्णतारोधक टाइल्स निघून गेल्या होत्या. शुद्ध वाळूपासून बनवलेल्या, हातात घेतल्यास थर्मोकोलइतक्या हलक्या वाटणाऱ्या अशा ३० हजारांहून अधिक टाइल्स यानावर एकेक करून चिकटवलेल्या होत्या. दिसणाऱ्या जागा परतताना तशा कमी तापणाऱ्या होत्या. खरा प्रश्न यानाच्या पोटाचा होता, आणि ते आतून दिसत नव्हते.

पृथ्वीभोवती ३७ प्रदक्षिणा झाल्यावर, १४ एप्रिलला, यान वातावरणात शिरले. इंजिने बंद असलेले ते जड धूड यंग यांनी एखाद्या ग्लायडरसारखे कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावरच्या कोरड्या तळ्यात अलगद टेकवले. उतरण्याचा प्रयत्न फसला असता तर दुसरी संधी नव्हती. पोटाच्या टाइल्स टिकल्या होत्या. एकूण १६ टाइल्स गळून पडल्याचे आणि १४८ टाइल्सना इजा झाल्याचे तपासणीत आढळले.

एरवी अत्यंत संयमी असलेले यंग उतरल्यावर मात्र जिना उतरून थेट यानाखाली गेले, मान वर करून टाइल्स आणि चाके न्याहाळत फिरले आणि आनंदाने हवेत मुठी उगारू लागले. क्रिपन अजून आतच होते.