ॲलाव

बेळगावजवळच्या खानापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रोपलावणीच्या दिवसांत गिऱ्हाईक तसं कमीच. अशाच एका भिजक्या सकाळी एक काका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन घेऊन आले.

"बघ की रे, सकाळपासून सगळे मलाच शिव्या घालायलेत. मी कुणाला काय पाठवलंच नाही."

पाठवलं होतं त्यांच्या फोननं. डेअरीच्या ग्रुपवर, पावण्यांना, मलासुद्धा. किसान योजनेच्या नावाची फाईल, शेवटी 'एपीके', म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी.

मी आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला. मेसेज उघडले तर बँकेचे तीन ओटीपी आणि त्याखाली 18,000 रुपये गेल्याची खबर. काका शपथेवर सांगत होते की ओटीपी कुणाला दिला नाही. खरंच होतं. आदल्या रात्री त्यांनी ती फाईल उघडली, 2,000 च्या हप्त्यासाठी म्हणून कार्डाची सगळी माहिती भरली. ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. त्यानंतर आलेला प्रत्येक ओटीपी ते परस्पर पुढे धाडत होतं.

दुकानाच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद केलं, मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावला. पलीकडून कन्नडमधून प्रश्न, इकडून काकांचं मराठी, मधे मी. तक्रारीचा नंबर मिळाला. पैसे वाटेत कुठं अडवले गेले का, ते त्या दिवशी काही कळलं नाही.

ॲप तर निघेना. आयकॉन गायब, आणि सेटिंगमध्ये त्याच्या नावावर बोट ठेवलं की पान आपोआप बंद. शेवटी सेफ मोडमध्ये काढलं, फोटो उतरवून घेतले आणि फोन पुसून कोरा केला.

"एवढी सगळी परवानगी दिलीच का?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तूच सांगितलेलास की. काय पण विचारलं तर ॲलाव दाबायचं."

सांगितलं होतं. वर्षापूर्वी फोन मीच चालू करून दिला होता, तोही इंग्रजीत, कारण मला ते सोपं.

या वेळी भाषा मराठी ठेवली. एका ॲपनं परवानगी मागितली तेव्हा फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा पुसून, अक्षरावर अक्षर लावत त्यांनी वाचलं, "एसएमएस मेसेज पाठवण्याची आणि पाहण्याची अनुमती द्यायची का?"

मग माझ्याकडे बघितलं. "असं लिहिलेलं असतंय व्हय? मग कोण देतंय!"